डोकी मोजा, पण कोसही मोजा!

दिनांक २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली एक होडी उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली आणि सहा जीव पाण्याने गिळले. त्यांत लहान मुलेही होती. दोन-तीन दिवस वृत्तपत्रांचे रकाने त्या वार्तेने भरून गेले. होडीला परवाना होता की नव्हता, उतारूंच्या अंगावर लाइफ जॅकेट होते की नव्हते, हवेचा रंग पाहून होडी सोडावयास हवी होती की नको होती, याची हवी तेवढी चर्चा झाली. ती व्हावयासही हवी होती. परंतु ही माणसे मुळात होडीत का बसली होती, रस्त्याने का गेली नाहीत, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. आणि विचारला असता तर त्याचे उत्तर देणे होडीवाल्याच्या हाती नव्हते.

त्या प्रश्नाचे उत्तर पाण्यातच आहे. भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले आणि करमाळा तालुक्याचा नदीकाठ जलाशयाखाली गेला. गावे उठली, वर सरकली, फुटली. केत्तूर एक होते, त्याला क्रमांक पडले. वांगीलाही तसेच क्रमांक पडले. आपल्या गावाच्या नावापुढे आकडा लिहिण्याची पाळी ज्यांच्यावर येते, त्यांनाच त्या आकड्याचे वजन ठाऊक! उन्हाळ्यात जी नदी पायी ओलांडून पैलतीरीच्या सोयऱ्यांकडे जाता येत असे, तिच्या जागी समुद्रासारखे पाणी पसरले. सोयरिकी मात्र जुन्याच राहिल्या, बाजारही जुनेच राहिले. रस्त्याने जावे तर पाण्याला भला मोठा वळसा पडतो; म्हणून होडी. पुलाची मागणी या काठावर पूर्वापार होत आली आहे. परंतु पुलाचा खर्च दोन्ही काठांवरच्या डोक्यांवर वाटून पाहिला की तो अवाढव्य दिसे, आणि कागद वर्षानुवर्षे पुन्हा कपाटात जाई.

ज्या जलाशयाने त्यांची वाट अडविली, त्याच जलाशयाचे पाणी शंभरएक किलोमीटरांवरून नळाने आणून आम्ही सोलापूरकर पितो. (ते रोजच्या रोज का येत नाही, हे आमचे वेगळे गाऱ्हाणे आहे, त्यासाठी आज जागा नाही.) तेव्हा करमाळ्याच्या दूरवरच्या वाड्यावस्त्यांचा प्रश्न हा आमच्या शहराने कोरड्या पायांनी काठावर उभे राहून पाहण्याचा प्रश्न नव्हे. आम्ही त्यांचे देणेकरी आहोत.

काही आकडे वाचकांनी धीर धरून वाचावेत, अशी आमची विनंती आहे. २०११ च्या शिरगणतीप्रमाणे करमाळा तालुक्याची लोकसंख्या २,५४,४८९ आणि क्षेत्रफळ सुमारे सोळाशे चौरस किलोमीटर. म्हणजे चौरस किलोमीटरमागे एकशे साठच्या आसपास माणसे. सबंध सोलापूर जिल्ह्याची हीच सरासरी २९० व महाराष्ट्राची ३६५ आहे. आता आपल्या शहराकडे पाहा. साडेनऊ लाख लोकवस्ती, सुमारे १७८ चौरस किलोमीटरांत दाटलेली, आणि तिचे गाऱ्हाणे मांडण्यासाठी महापालिकेत १०२ नगरसेवक! करमाळा तालुका क्षेत्रफळाने असल्या नऊ शहरांएवढा आहे. त्यात शंभराच्या वर ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतील लहानातली लहान ग्रामपंचायत म्हणजे सात सभासदांची. कारण पंधराशेपर्यंत लोकसंख्या असली तर सातच सभासद, असा कायदा आहे.

राजस्थानचे वाळवंट किंवा हिमालयाची दरी यांच्याशी तुलना करून कोणी म्हणेल की एकशे साठ माणसे म्हणजे काही विरळ वस्ती नव्हे. खरे आहे. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीने कोणाचे घर जवळ येत नाही. जलाशयाच्या काठाला ऊस आहे, केळीच्या बागा आहेत. कंदरची केळी परदेशी जातात, याचा आम्हालाही अभिमान आहे. परंतु पाण्याचा हा पट्टा मागे टाकून जिरायती माळाकडे वळावे, म्हणजे विरळपणा म्हणजे काय ते कळते. तेथे गाव म्हणजे एक गावठाण नव्हे. ग्रामपंचायतीची कचेरी, मारुतीचे देऊळ, शाळा आणि चार दुकाने एका ठिकाणी. आणि गावाची निम्मी माणसे आठ दिशांना वस्त्यांवर. कोठे पाच घरे, कोठे बारा, कोठे दोनच. वस्तीला आडनावाखेरीज दुसरे नाव नाही. पोस्टमनला ती ठाऊक असते, नकाशाला नसते.

ही माणसे अशी विखरून का राहतात, गावात एकत्र का येत नाहीत, असा प्रश्न शहरातील सुशिक्षित गृहस्थ सहज विचारतात. जणू काही ती हौसेने रानात राहावयास गेली आहेत! जेथे विहिरीला पाणी लागले तेथे घर उभे राहिले. जनावरे व शेळ्यामेंढ्या राखावयाच्या तर त्यांच्याजवळ निजावे लागते. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, वाट्याला आलेला तुकडा गावापासून कोसभर लांब होता, तेथे संसार हलला. आणि शेतीपंपाची वीज रात्री-अपरात्री येत असेल तर शेतकऱ्याने गावात निजून भागत नाही, हे वीज वापरणाऱ्या कोणालाही समजण्यासारखे आहे. वस्ती म्हणजे हट्ट नव्हे, ती कोरडवाहू शेतीची व्यवस्था आहे. ज्या जमिनीतून दाणा कमी येतो तेथे एका घराला जमीन अधिक लागते, आणि जमीन अधिक लागली की दोन घरांतील अंतर वाढते. इतका साधा हा हिशेब आहे.

परंतु सरकारदरबारी हिशेब होतो तो डोक्यांचा, अंतराचा नव्हे.

केंद्रीय वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतींना जो निधी मिळतो तोच आज बहुतेक लहान पंचायतींचा खरा आधार आहे. घरपट्टी, पाणीपट्टी व दिवाबत्ती कर यांवर या पंचायती शिपायाचा पगार भागवू शकल्या तरी पुष्कळ झाले. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी हा निधी वाटताना लोकसंख्येला नव्वद टक्के व क्षेत्रफळाला दहा टक्के वजन दिले. पंचायती-पंचायतींमधील वाटपासही राज्याचा दुसरा सूत्रनियम नसेल तर हेच प्रमाण. त्याच्या आधीच्या आयोगाचे मापही हेच होते. आम्ही एक साधे उदाहरण घेतो. चौदाशे लोकवस्तीच्या दोन ग्रामपंचायती आहेत असे समजा. पहिलीचे शिवार पाचशे हेक्टरांचे आणि माणसे एका गावठाणात. दुसरीचे शिवार तीन हजार हेक्टरांचे आणि माणसे पंधरा वस्त्यांवर. शंभर रुपये या दोघींतच वाटावयाचे झाले तर वरील सूत्राने पहिलीला साधारण ४६ व दुसरीला ५४ रुपये मिळतात. सहापट शिवार सांभाळणाऱ्या पंचायतीच्या पदरात पंधरा टक्क्यांच्या आसपास अधिक! तिचे रस्ते सहापट नसतील. तिप्पट तर असतील? नळाची लांबी, विजेचे खांब, पाण्याच्या टँकरच्या खेपा, यांचा हिशेब कोणी डोक्यांवर करू शकेल काय? बारा घरांच्या वस्तीपर्यंत दोन किलोमीटर नळ न्यावयाचा तर तो दोन किलोमीटरच न्यावा लागतो. माणसे कमी आहेत म्हणून जमीन आखडत नाही.

त्यातही पंधराव्या आयोगाच्या काळात मिळालेल्या रकमेचे साठ टक्के पाणी व स्वच्छता यांसाठी बांधलेले होते. पंचायतीच्या स्वतःच्या मर्जीला उरले चाळीस टक्के. त्यांत वस्तीचा मुरमाचा रस्ता करावा की अंगणवाडीचे छप्पर, यावर सात सभासदांत जे महाभारत होते ते पाहिलेल्यास त्याचे हसू येणार नाही.

निधीचे जे झाले तेच योजनांचे. पंतप्रधान ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिने खेड्यापाड्यांत डांबर नेले, याबद्दल तिला आम्ही मनःपूर्वक धन्यवाद देतो. परंतु सपाट प्रदेशात वस्तीची लोकसंख्या पाचशे असली तरच ती रस्त्याला पात्र, असा तिचा उंबरठा होता. २०२४ साली योजनेचा चौथा टप्पा आला तेव्हाही सपाटीवरचा उंबरठा पाचशेचाच राहिला. दोनशे माणसांच्या वस्तीने पाव शतक वाट पाहिली तरी तिचा क्रमांक लागत नाही, कारण ती रांगेतच नाही. आरोग्याचेही तसेच आहे. तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र व पाच हजारांना एक उपकेंद्र, असा निकष आहे. त्या निकषाने करमाळ्याच्या ग्रामीण भागाला सात-आठ केंद्रे पुरतात. म्हणजे एका केंद्राच्या पदरी सुमारे दोनशे चौरस किलोमीटर मुलूख येतो. आमच्या सबंध सोलापूर शहराहून मोठा! रात्री विंचू चावलेल्या मुलाला घेऊन निघालेल्या बापाला हा निकष कोणी समजावून सांगावा?

सरकारला अंतर कळत नाही असेही नाही. डोंगराळ, आदिवासी व वाळवंटी प्रदेशांसाठी ग्रामसडकेचा उंबरठा अडीचशेवर आणला आहे. डोंगरी व आदिवासी भागांत आरोग्य केंद्र वीस हजारांना व उपकेंद्र तीन हजारांना मिळते. म्हणजे तत्त्व मान्य आहे. जेथे माणसे विरळ तेथे डोक्यांचे माप सैल केले पाहिजे, हे तत्त्व सरकारने स्वतःच्या हाताने कागदावर लिहिले आहे. मग अवर्षणाच्या पट्ट्यातील माळरानाने काय अपराध केला? सह्याद्रीचा कडा डोळ्यांना दिसतो, आणि करमाळा, सांगोला, मंगळवेढा येथील माळ मंत्रालयातून सपाट दिसतो, एवढाच काय तो फरक. सपाट जमिनीवरही पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल होतो आणि त्यात बैलगाडी आखापर्यंत रुतते.

डोकी मोजण्याची ही सवय किती खोल गेली आहे याचे एक उदाहरण तर मासलेवाईक आहे. २०२४ साली राज्य सरकारने सरपंचांचे मानधन दुप्पट केले. ते योग्यच झाले. परंतु दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाचा सरपंच असेल तर महिना सहा हजार, आठ हजारांपर्यंत असेल तर आठ हजार, त्याहून मोठ्या गावाला दहा हजार. ज्या सरपंचाचा सगळा मतदार हाकेच्या अंतरावर, त्याला अधिक. आणि जिला पंधरा वस्त्या फिरण्यासाठी मोटारसायकलीत पदरचे पेट्रोल घालावे लागते, त्या सरपंचबाईला सर्वांत कमी. आम्ही ‘सरपंचबाई’ हा शब्द जाणून वापरला आहे. २०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, आणि अंतराची झळ पहिली कोणाला लागते हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

आता शाळांविषयी. येथे आम्हाला थोडे स्वतःचे सांगितले पाहिजे. संपादकाच्या खुर्चीत बसण्यापूर्वी आमची काही वर्षे खडू-फळ्याच्या सहवासात गेली. त्या शाळेत गावठाणातील मुलांबरोबर वस्त्यांवरची मुलेही येत. पावसाळ्यात ती चपला हातात घेऊन येत, कारण काळ्या चिखलात चपला पायांत राहत नाहीत; शाळेच्या पायरीवर पाय धूत आणि मग वर्गात येत. तपासणीला येणारे साहेब पट विचारीत, हजेरी विचारीत, बेरीज तपासून पाहत. कोणते मूल किती लांबून आले, हे एकाही साहेबाने कधी विचारल्याचे आम्हाला स्मरत नाही. हजेरीपटात त्यासाठी रकानाच नव्हता! आम्हालाही तो आखावा असे तेव्हा सुचले नाही, ही आमचीही चूक.

शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असे ठरले. त्यापूर्वीच महाराष्ट्राने वस्तीशाळा काढल्या होत्या आणि अल्प मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकांनी त्या चालवून दाखविल्या. तो एक मोठा सुविचार होता. शाळा मुलाकडे गेली. पण मापाची सवय सुटली नाही. २०१७ साली दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा बंद करून जवळच्या शाळांत मिळविण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या समूहशाळा करण्याची कल्पना पुढे आली. मुलांना वाहन देऊ, मोठ्या शाळेत अधिक सोयी देऊ, असे सांगण्यात आले. सांगणारांच्या हेतूविषयी आम्ही शंका घेत नाही. मोठ्या शाळेत सोबती अधिक मिळतात, खेळ अधिक मिळतात, हे शिक्षक म्हणून आम्ही नाकारणार नाही. परंतु ज्या वाटेने एस.टी. जात नाही त्या वाटेने ते वाहन जाईल काय? आणि ते ज्या दिवशी येणार नाही त्या दिवशी सात वर्षांची मुलगी ओढा ओलांडून जाईल की घरी धाकट्या भावाला सांभाळीत बसेल? याचे उत्तर पालकांना आधीच माहीत असते.

आमच्याच जिल्ह्यातील माढा तालुक्यात परितेवाडी आहे. नावाप्रमाणे वाडीच. तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकविणाऱ्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० सालचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुरस्काराची रक्कम दहा लाख डॉलर. तीतील निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिल्हा आनंदाने न्हाऊन निघाला, सत्कार झाले, हार पडले. हे काम सोलापूरच्या मध्यवस्तीतील शाळेत झाले नाही, वाडीच्या शाळेत झाले, एवढेच आम्ही येथे नमूद करतो.

आमच्याविरुद्ध जे म्हटले जाईल तेही आम्ही सांगून टाकतो, कारण त्यात तथ्य आहे. लहान पंचायतींचा कारभार सगळीकडे धुतल्या तांदळासारखा नाही. सात सभासदांत एका भावकीचे चार असले की गावाचा कारभार घरचा होतो. महिला सरपंचाच्या खुर्चीत तिचे यजमान बसलेले आम्ही पाहिले आहेत. करवसुली करावयाची तर मते जातील म्हणून घरपट्टीची थकबाकी वर्षानुवर्षे वाढू दिली जाते. ग्रामसभेला शंभर मतदार किंवा एकूण मतदारांच्या पंधरा टक्के, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते; ती भरत नाही, सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही या सवलतीचा आधार घेऊन ठराव होतात. हे सारे खरे. म्हणून काही विद्वान म्हणतात की या लहान पंचायती मोडून चार-चार गावांच्या मोठ्या पंचायती कराव्यात. खर्च वाचेल, कारभार सुधारेल.

आमचे म्हणणे नेमके उलट आहे. ग्रामसभेला माणसे येत नाहीत याचे एक कारण उदासीनता हे असेल, पण दुसरे कारण कोस हे आहे. दिवसाची मजुरी बुडवून चार किलोमीटर चालत यावे आणि सभा तहकूब व्हावी, हा अनुभव दोनदा घेतलेला मनुष्य तिसऱ्यांदा येत नाही. पंचायत आणखी दूर नेल्याने तो येईल काय? ग्रामसेवकाच्या माथी आज दोन-दोन, तीन-तीन गावे असतात (२०२४ पासून त्या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, नाव बदलल्याने गावे कमी झाली नाहीत). तो कोणत्या दिवशी कोणत्या गावी भेटेल हे जेथे दाराला लावलेल्या चिठ्ठीवरून कळते, तेथे चार गावांची एक कचेरी झाली म्हणजे चिठ्ठीही पाहावयास दुसऱ्या गावी जावे लागेल.

महाराष्ट्राने पंचायत राज्याचा पाया घातला तेव्हा विचार वेगळा होता. वसंतराव नाईक समितीने १९६१ साली अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. सत्ता खाली न्यावी, निर्णय जेथे लागू व्हायचा तेथे तो व्हावा, ही त्यामागील भूमिका होती. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून या संस्थांना संविधानाचे कवच मिळाले. अकराव्या अनुसूचीत २९ विषय त्यांच्यासाठी मांडले गेले. एवढे कवच असूनही आपल्या जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचा कारभार चालला. दाट वस्तीच्या गावाला आमदार दिसतो, कारखान्याचा अध्यक्ष दिसतो. दूरच्या वस्तीला जिल्हा परिषदेचा सभासद हाच काय तो वरचा माणूस. तोही त्या काळात नव्हता. १९३० च्या मे महिन्यात ज्या सोलापुराने मार्शल लॉ येण्यापूर्वी तीन-चार दिवस आपला कारभार आपण करून दाखविला, त्या सोलापुराला या गोष्टीची आम्हाला वाटते तेवढी चीड आली नाही.

चीड दुसरीकडे निघाली. २०२२ सालच्या अखेरीस सीमावादाचे वारे पुन्हा सुटले असता अक्कलकोट तालुक्यातील काही ग्रामपंचायतींनी ‘आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या’ असे ठराव केले. कारणे त्यांनी स्वतःच लिहिली होती: रस्ता नाही, पाणी नाही, वीज नाही. ते ठराव आम्हाला रुचले नाहीत. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी रक्त सांडले त्यांची आठवण ठेवणाऱ्या कोणालाही ते रुचणार नाहीत. परंतु त्या दिवसांत जी धावपळ झाली, जे अधिकारी त्या गावांत पोहोचले, जी आश्वासने दिली गेली, ती पाहून एक प्रश्न मनात आल्याशिवाय राहिला नाही. राज्य सोडून जाण्याची धमकी दिल्यावरच ज्यांच्या गावाचा रस्ता राज्याला दिसतो, त्यांनी काय शिकावे? करमाळ्याच्या सरहद्दीला परके राज्य नाही. तिकडे पुणे, अहिल्यानगर व धाराशिव हे आपलेच जिल्हे आहेत. त्यांनी कोणाला धमकी द्यावी?

डोक्यांखेरीज दुसरे माप असूच शकत नाही असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक परदेशी दाखला देतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात डायमंटिना नावाची एक स्थानिक परिषद आहे. तिचे क्षेत्र सुमारे ९५ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सबंध सोलापूर जिल्ह्याच्या सहापट. आणि २०२१ च्या शिरगणतीत तिची लोकसंख्या तीनशेही भरली नाही! एवढ्या माणसांना निवडून दिलेली परिषद आहे, महापौर आहे. त्या देशात १९९५ च्या कायद्यान्वये मध्यवर्ती सरकार स्थानिक संस्थांना जे अनुदान देते त्यातील रस्त्यांचा भाग वेगळा काढलेला असतो; आणि सर्वसाधारण भागातील तीस टक्के तेवढे लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून उरलेले प्रत्येक संस्थेची गरज पाहून, म्हणजे तिचे उत्पन्न किती व अंतरामुळे तिचा खर्च किती वाढतो ते पाहून, वाटले जातात. तो देश श्रीमंत आहे, आपली त्याच्याशी बरोबरी नाही, हे आम्ही जाणतो. पण येथे पैशाच्या आकाराचा प्रश्न नाही. माप कोणते लावावे हा आहे. नव्वद-दहाचे माप काही वेदवाक्य नव्हे.

ते बदलण्याचा अधिकार राज्याला आहे. दर पाच वर्षांनी राज्य वित्त आयोग नेमणे संविधानाने बंधनकारक केले आहे आणि त्याने सुचविलेले सूत्र राज्याला स्वीकारता येते. आमची मागणी अशी की, माणसे मोजण्याच्या आधी प्रत्येक पंचायतीस तिचे दार उघडे राहील एवढी एक ठरलेली रक्कम द्यावी. आणि त्यापुढील वाटपात लोकसंख्येबरोबर वस्त्यांची संख्या, रस्त्यांची व नळांची लांबी यांनाही भरीव वजन असावे. रस्त्याचा पाचशेचा उंबरठा अवर्षणप्रवण तालुक्यांसाठी अडीचशेवर आणण्याचा आग्रह जिल्ह्यातील खासदारांनी दिल्लीत धरावा. पट कमी म्हणून शाळा बंद करण्याचा कागद ज्या अधिकाऱ्याच्या सहीने निघणार असेल, त्याने त्या वस्तीतून पुढच्या शाळेपर्यंतची वाट आधी स्वतः पायी चालून यावी. जूनमध्ये नव्हे, ऑगस्टात, आणि चपला हातात घेऊन.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. आजचा सगळा हिशेब २०११ च्या शिरगणतीवर उभा आहे. २०२१ ची शिरगणती झालीच नाही. पुढच्या शिरगणतीचा संदर्भदिनांक १ मार्च २०२७ जाहीर झाला आहे, म्हणजे माणसे मोजली जाणार ती फेब्रुवारीत. २०११ सालीही ती ९ ते २८ फेब्रुवारीतच मोजली गेली होती. फेब्रुवारी महिना म्हणजे साखर कारखान्यांचा भर हंगाम. कोरडवाहू गावांतील किती कुटुंबे त्या दिवसांत कोयता घेऊन ऊसतोडीला दूर फडावर गेलेली असतात! मोजणीचे सगळे दिवस जो घराबाहेर असतो तो जेथे सापडेल तेथे मोजला जातो, असा शिरगणतीचा नियम आहे. म्हणजे ज्या गावात आधीच डोकी कमी, तेथील डोकी कारखान्याच्या गावाच्या खाती जमा. आणि त्याच आकड्यावर पुढे दहा वर्षे निधी, शाळा, दवाखाना. याचा विचार जिल्हाधिकारी कार्यालयाने व ग्रामपंचायतींनी मोजणीपूर्वीच केला पाहिजे. तोडणीस जाणाऱ्या कुटुंबांची यादी प्रत्येक पंचायतीकडे तयार असावी.

त्या यादीबरोबर आणखी एक यादी पंचायतींनी करावी, अशी आमची विनंती आहे. आपल्या शिवारातील प्रत्येक वस्तीचे नाव, तेथील घरे, गावठाणापासूनचे अंतर, वाट कशी आहे, पावसाळ्यात ती किती दिवस बंद असते, जवळची शाळा व दवाखाना किती दूर आहे. ग्रामसभेत वाचून, सरपंचांच्या सहीने ती आमच्या कार्यालयाकडे पाठवावी. करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत कोणत्याही तालुक्यातून आलेली अशी यादी आम्ही या दैनिकात जशीच्या तशी छापू. जागा कमी पडली तर जाहिराती मागे ठेवू.